ईमॅक्समध्ये फॉन्ट बदलला की खिडकीच पळते, त्याचा एकदाचा सोक्षमोक्ष

परवा परत तेच. सकाळी चहा घेऊन बसलो, ईमॅक्स (मी मराठी आणि कोड ज्यात लिहितो तो एडिटर) उघडलं आणि खिडकी स्क्रीनच्या खाली निम्मी बुडालेली. मोड लाइन, म्हणजे फाइलीचं नाव वगैरे दाखवणारी खालची पट्टी, दिसत नाही, तिच्याखाली जिथे कमांड टाइप करतो ती ओळ पण दिसत नाही, म्हणजे ऑल्ट-एक्स दाबून मी काहीतरी बडवतोय पण काय बडवतोय तेच कळत नाहीये, नुसती आंधळी कोशिंबीर. गेल्या दोनेक वर्षांत हे चार-पाच वेळा झालंय आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी खटपट करून ते घालवलंय आणि काय केलं ते विसरलोय. म्हणून यावेळी लिहूनच ठेवतो, मलाही उपयोगी आणि कोणी मराठी आणि कोड एकाच फाइलीत लिहिणारा असेल तर त्यालाही.

एक आधीच सांगतो, कमांडची आणि सेटिंगची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. फाइलीत टाकताना ती रोमनमध्येच टाकायची, उच्चारावरून स्पेलिंग लगेच कळतं, आणि जिथे जोडचिन्ह दिलंय तिथे ते द्यायचंच.

पहिल्यांदा खिडकी हातात आणा. कारण नंतर शोधू. ऑल्ट आणि एफ10 दाबलं की खिडकी मॅक्झिमाइज होते, एफ11 दाबलं की फुलस्क्रीन, बहुतेक वेळा एवढ्याने खालची ओळ दिसायला लागते. माझ्या घरच्या लिनक्सवर नोम डेस्कटॉप आहे, तिथे ऑल्ट-एफ7 ने खिडकी हलवता येते आणि ऑल्ट-एफ8 ने आकार बदलता येतो, माऊसने टायटल बार पकडायची गरज नाही. विंडोजवर मात्र एक गंमत आहे. तिथे आपल्याला सवय असते ऑल्ट-स्पेस दाबून मेन्यू काढायची, पण ईमॅक्स ऑल्टला स्वतःची मेटा कळ समजतं, त्यामुळे तो मेन्यू येतच नाही, उलट कर्सरच्या आजूबाजूच्या स्पेस एक सोडून गायब होतात आणि आपण म्हणतो हे काय आता नवीन. तिथे विंडोज कळ आणि वरचा बाण दाबायचा, झालं मॅक्झिमाइज.

आता हे होतं का, ते. मी बरेच दिवस समजत होतो की हा बग आहे. बग नाहीये. ईमॅक्स खिडकीचा आकार पिक्सेलमध्ये लक्षात ठेवत नाही, अक्षरांत ठेवतं. काहीच सेटिंग नसेल तर साधारण 80 कॉलम आणि 36 ओळी एवढी खिडकी उघडते. तुम्ही फॉन्ट बदलला की त्याच्या मते कॉलम आणि ओळी तेवढ्याच राहिल्या पाहिजेत, मग त्यासाठी खिडकी मोठी करावी लागली तरी चालेल. माझंच उदाहरण घ्या, मी 45 ओळी ठेवतो. एका ओळीची उंची 22 पिक्सेल असेल तर 45 ओळींना 990 पिक्सेल लागतात, 1080 उंचीच्या स्क्रीनवर मजेत बसतं. फॉन्ट जरा मोठा केला आणि ओळ 28 पिक्सेलची झाली की 45 गुणिले 28 म्हणजे 1260. स्क्रीन 1080 ची. उरलेले 180 पिक्सेल जाणार कुठे, टेबलाखाली. आणि नेमक्या शेवटच्या ओळीतच ईमॅक्स आपल्याशी बोलतं, तीच गेली.

शोधताना अजून एक घोळ होतो तो शब्दांचा. आपण जिला खिडकी म्हणतो तिला ईमॅक्स फ्रेम म्हणतं, म्हणजे चौकट, आणि चौकटीच्या आतल्या कप्प्यांना विंडो म्हणतं. ग्नू ईमॅक्स 1985 चं आहे, तेव्हा टर्मिनलवर सगळा कारभार, स्क्रीनचे कप्पे म्हणजे विंडो हे नाव तेव्हाचं, ते तसंच राहिलं. वाड्याच्या जुन्या खिडकीत कसे चौकटीत चार झडपा असतात तसं समजा, झडप म्हणजे विंडो. त्यामुळे तुम्ही विंडो साइझ म्हणून शोधलंत की जे सापडतं ते त्या झडपांबद्दल असतं आणि त्याचा आपल्या दुखण्याशी काही संबंध नसतो. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. फ्रेम म्हणून शोधा.

मुख्य औषध एका ओळीचं आहे. फ्रेम-इनहिबिट-इम्प्लाइड-रिसाइझ नावाचं व्हेरिएबल आहे, त्याला सेटक्यूने, म्हणजे किंमत ठरवून देणाऱ्या कमांडने, टी द्यायचं (ईमॅक्सच्या भाषेत टी म्हणजे हो, निल म्हणजे नाही). अर्थ असा की बाबा रे, फॉन्ट बदलला किंवा टूलबार काढला म्हणून फ्रेमचा आकार बदलू नकोस, पिक्सेल तेवढेच ठेव आणि आतल्या ओळी कमी-जास्त कर. हे केल्यावर वरच्या हिशोबात खिडकी 990 पिक्सेलचीच राहते आणि आत 45 च्या ऐवजी 35 ओळी दिसतात. मला तेच हवं असतं, आणि मला वाटतं दहातल्या नऊ जणांना तेच हवं असतं.

हे कुठे टाकायचं यावर सगळं अवलंबून आहे. ईमॅक्स 27 पासून, म्हणजे 2020 पासून, अर्ली-इनिट नावाची एक वेगळी फाइल वाचली जाते, पहिली फ्रेम तयार व्हायच्या आधी. नेहमीची इनिट फाइल, म्हणजे आपली सगळी सेटिंग असलेली फाइल, वाचली जाते तोपर्यंत फ्रेम तयार झालेली असते. म्हणून हे अर्ली-इनिटमध्येच टाका, इनिटमध्ये टाकलंत तरी चालतं पण सुरू होताना खिडकी एकदा डोळ्यांदेखत उडी मारते. त्याच फाइलीत त्याचा भाऊ पण टाकून द्या, फ्रेम-रिसाइझ-पिक्सेलवाइज, त्यालाही टी. हा नसेल तर ईमॅक्स फक्त अख्ख्या अक्षरांच्या पटीतच खिडकीचा आकार बदलू देतं, मग स्क्रीनच्या अर्ध्या भागात खिडकी चिकटवली की कडेला एक बारीकशी फट राहते आणि मागचा वॉलपेपर डोकावत राहतो. काम काही अडत नाही पण एकदा दिसली की नजर तिथेच जाते.

आणि सुरुवातीचा आकार. लोक डिफॉल्ट-फ्रेम-ॲलिस्टमध्ये, म्हणजे प्रत्येक नव्या फ्रेमच्या सेटिंगच्या यादीत, विड्थ 110, हाइट 45 असं आकड्यांत लिहितात, मीही लिहायचो, आणि मग फॉन्ट बदलला की तो आकडा चुकीचा ठरतो. आता मी तिथे फुलस्क्रीनला मॅक्झिमाइझ्ड एवढंच लिहितो. मॅक्झिमाइज नको असेल तर विड्थ आणि हाइटला 0 आणि 1 च्या मधला अपूर्णांक देता येतो, उदाहरणार्थ 0.9, म्हणजे स्क्रीनच्या नव्वद टक्के, मग फॉन्ट कुठलाही असो. आधी माहीत असतं तर किती डोकेदुखी वाचली असती.

बरं, मी हे सगळं दीड वर्षापूर्वीच केलं होतं. तरी परवा परत झालं. म्हणजे कोणीतरी माझ्या मागून येऊन सेटिंग बदलत होतं. इथून पुढची गोष्ट त्याची.

पहिली चाचणी, टर्मिनलमधून ईमॅक्स उघडताना उणे कॅपिटल क्यू द्यायचं. असं उघडलं की ते तुमची एकही फाइल वाचत नाही, कोरं करकरीत ईमॅक्स. त्यात फॉन्ट आणि खिडकी ठीकठाक असेल तर भूत तुमच्याच फाइलीत आहे, सिस्टिमला शिव्या द्यायचं कारण नाही. माझ्याकडे कोरं ईमॅक्स एकदम शहाण्यासारखं उघडलं. मग इनिट फाइल उघडली आणि वरून वाचत गेलो. वर माझी स्वतःची ओळ होती, सेट-फेस-ॲट्रिब्यूटने डिफॉल्टची, म्हणजे मूळ अक्षरांची, हाइट 120. बरोबर. खाली खाली गेलो, पॅकेजं, कीबाइंडिंग, ऑर्गचा (ईमॅक्सच्या नोंदी आणि टेबलांच्या मोडचा) पसारा, आणि एकदम तळाला कस्टम-सेट-फेसेस नावाचा ठोकळा, आणि त्यात डिफॉल्ट, हाइट 150, आणि फॉन्टचं नाव भलतंच.

हा ठोकळा मी लिहिलेला नाही. म्हणजे लिहिलाय, पण हाताने नाही. वरच्या ऑप्शन्स मेन्यूत सेट डिफॉल्ट फॉन्ट आहे, तिथून मी कधीतरी घरी आलेल्या एकाला मोठं दिसावं म्हणून फॉन्ट मोठा केला असणार, आणि नंतर कशाच्या तरी निमित्ताने त्याच मेन्यूतलं सेव्ह ऑप्शन्स दाबलं असणार. ते दाबलं की ईमॅक्स मेन्यूतून बदललेलं सगळं गुपचूप इनिट फाइलीत लिहून टाकतं. आणि फाइल वरून खाली वाचली जाते, म्हणजे वर मी काहीही म्हणालो तरी शेवटचा शब्द तळातल्या ठोकळ्याचा. सुनेने मीठ घातलं, सासूने येऊन परत घातलं, आणि आमटी खारट कशी झाली म्हणून दोघी एकमेकींकडे बघतायत, तसला प्रकार.

ही हाइट पॉइंटच्या दहाव्या भागात असते हे पण लक्षात ठेवा, 120 म्हणजे 12 पॉइंट, 150 म्हणजे 15. कोणी 14 पॉइंट हवा म्हणून नुसतं 14 लिहिलं तर मुंगीएवढी अक्षरं येतात.

यावर उपाय म्हणून मी कस्टम-फाइल नावाच्या व्हेरिएबलला वेगळ्या फाइलीचं नाव दिलंय. आता मेन्यूतून केलेले बदल त्या वेगळ्या फाइलीत जातात, आणि ती फाइल मी इनिटच्या अगदी सुरुवातीला लोड करतो, शेवटी नाही. म्हणजे मेन्यूने काहीही लिहिलं तरी नंतर माझी ओळ येते आणि शेवटचा शब्द माझा. बरेच जण ती फाइल शेवटी लोड करतात आणि मग दुखणं जसंच्या तसं राहतं, फक्त पत्ता बदलतो.

दुसरा मागून येणारा इसम म्हणजे डेस्कटॉप-सेव्ह-मोड. हा चालू असेल तर ईमॅक्स बंद करताना उघड्या फाइली लक्षात ठेवल्या जातात, आणि 24.4 पासून फ्रेमसुद्धा लक्षात ठेवल्या जातात, म्हणजे आकार, जागा, आणि फ्रेमचा फॉन्टसुद्धा तिच्यासोबत परत येऊ शकतो. ऑफिसात मोठ्या मॉनिटरला लावून काम केलं, संध्याकाळी बंद केलं, घरी येऊन चौदा इंची लॅपटॉपवर उघडलं की ऑफिसची खिडकी घरात. मला फाइली परत हव्या असतात, खिडक्या नको असतात, म्हणून डेस्कटॉप-रिस्टोर-फ्रेम्सला निल दिलं. विषय संपला. काही जण याच रागात अख्खा मोडच बंद करतात, तेवढं करायची गरज नाही.

डेमन वापरणाऱ्यांचं दुखणं वेगळं. डेमन म्हणून ईमॅक्स मागे चालू ठेवलं आणि ईमॅक्सक्लायंटने फ्रेम उघडली, तर इनिट फाइल वाचली गेली तेव्हा एकही ग्राफिकल फ्रेम अस्तित्वातच नसते. मग त्या फाइलीत तुम्ही आत्ताच्या फ्रेमचा फॉन्ट बदल असं म्हणालात तर तो कोणाचा बदलणार. म्हणून फॉन्ट डिफॉल्ट-फ्रेम-ॲलिस्टमध्ये लिहायचा, आणि ज्या ओळींना खरी फ्रेम लागतेच, म्हणजे देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट वगैरे, त्या सर्व्हर-आफ्टर-मेक-फ्रेम-हुकमध्ये टाकायच्या, म्हणजे क्लायंटची फ्रेम तयार झाल्यावर त्या चालतात. हा हुक पण 27 पासूनच आहे. सहज थेट उघडलं की सगळं छान आणि क्लायंटने उघडलं की भलतंच, अशी तक्रार असेल तर बाकी काही बघू नका, हेच.

आता माझ्या मावसभावाची केस, कारण ती खिडकीची नाही पण नेहमी यातच मिसळली जाते. त्याचा सोलापुरातून फोन.

"दादा, ईमॅक्समध्ये अक्षरं आपोआप मोठी होतायत."

"आपोआप काही होत नसतं रे. काय दाबलंस?"

"काही नाही. सेव्ह केलं फक्त."

"सेव्ह करून अक्षरं मोठी होतात होय?"

"आईशप्पथ होतात! दर वेळी नाही, कधी कधी."

मी म्हटलं परत झालं की हात न लावता कंट्रोल-एच आणि मग एल दाब. ही माझी आवडती कमांड आहे, व्ह्यू-लॉसेज, शेवटच्या 300 कळा कोणत्या दाबल्या ते दाखवते. आपण काय दाबलं हे आपल्याला कधीच आठवत नाही आणि हिला सगळं आठवतं. त्याने तासाभराने परत फोन केला आणि वाचून दाखवलं, त्यात कंट्रोल-व्हील-अप, कंट्रोल-व्हील-अप अशी रांगच लागलेली. तो म्हणे मी चाक हलवलंच नाही, माझ्याकडे माऊसच नाही. मग लक्षात आलं. त्याच्याकडे मॅक आहे, ट्रॅकपॅडवर दोन बोटांनी जोरात सरकवलं की बोटं उचलल्यावरही स्क्रोल थोडा वेळ चालू राहतं, झोका कसा ढकलणं थांबवल्यावरही हलत राहतो. त्या तेवढ्या वेळात हा सेव्ह करायला कंट्रोल दाबतो, आणि ईमॅक्सला वाटतं कंट्रोल धरून चाक फिरवतायत. 27 पासून कंट्रोल आणि चाक म्हणजे अक्षरं लहान-मोठी. म्हणजे पोरगं खरंच बोलत होतं, सेव्ह करूनच अक्षरं मोठी होत होती.

इलाज सोपा, ग्लोबल-अनसेट-की वापरून कंट्रोल-व्हील-अप आणि कंट्रोल-व्हील-डाउन दोन्ही काढून टाकायचे. लिनक्सवर जुन्या आवृत्तीत याच चाकाची नावं माऊस-4 आणि माऊस-5 असतात, लॉसेजमध्ये जे नाव दिसेल तेच काढायचं. आणि बिघडलेला आकार मूळ जागी आणायला कंट्रोल-एक्स मग कंट्रोल-शून्य.

यात ओळखायची खूण अशी की या चाकाने फक्त त्या एकाच बफरची, म्हणजे त्या उघड्या फाइलीची, अक्षरं बदलतात, खिडकीचा आकार हलत नाही आणि दुसरी फाइल उघडली की तिथे सगळं नॉर्मल असतं. सगळ्या बफरांत अक्षरं बदलली असतील तर मामला डिफॉल्ट फॉन्टचा. 29 मध्ये सगळ्या बफरांचा आकार एकदम बदलायची कमांड आली, ग्लोबल-टेक्स्ट-स्केल-ॲडजस्ट, कंट्रोल-एक्स मग कंट्रोल-ऑल्ट आणि अधिकचं चिन्ह, आणि ती मुळातच खिडकीचा आकार न बदलता काम करते. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करताना लोक म्हणतात ना जरा मोठं करा, त्यासाठी एकदम मस्त. मेन्यूत जाऊन फॉन्ट बदलूच नका त्यासाठी, वरची आमटी आठवा.

शिफ्ट धरून डावं क्लिक केलं की पण फॉन्टचा एक छोटा मेन्यू येतो, तो चुकून निवडला गेला तर एका बफरचा फॉन्ट बदलतो. क्वचित होतं, पुढे जाऊ.

देवनागरीकडे येतो, कारण खरं सांगायचं तर मराठी लिहिणाऱ्याचा अर्धा घोळ इथे आहे आणि इंग्रजीवाल्यांना हा प्रश्न येतच नाही म्हणून कोणी नीट सांगत पण नाही.

कोडसाठी वापरतो त्या मोनोस्पेस, म्हणजे सगळी अक्षरं एकाच रुंदीची असलेल्या, फॉन्टांत बहुतेक वेळा देवनागरी नसतेच. मग ईमॅक्स मशीनवर जे काही फॉन्ट असतील त्यातला एक स्वतः निवडतं. तुम्ही काही सांगितलं नसेल तर ही निवड तुमच्या हातात नाही, उद्या दुसऱ्याच कुठल्या सॉफ्टवेअरबरोबर चार नवे फॉन्ट मशीनवर आले की निवड बदलू शकते, आणि मग आपण म्हणतो मी तर काहीच केलं नाही, फॉन्ट आपोआप बदलला. कोणता फॉन्ट लागलाय ते बघायला कर्सर एखाद्या मराठी अक्षरावर ठेवा आणि कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स, बरोबरचं चिन्ह असं दाबा. एक लांबलचक बफर उघडतो, त्यात फॉन्टचं पूर्ण नाव असतं. लिनक्सवर त्याच्या सुरुवातीला एफटीसीआरएचबी असं दिसलं तर शेवटची दोन अक्षरं हार्फबझची, म्हणजे जोडाक्षरं बनवणारं इंजिन जागेवर आहे. 27 पासून तेच मूळ इंजिन आहे. असं कुठलंच इंजिन नसेल तर क्ष, त्र, वेलांट्या सगळं सुटं सुटं दिसतं, आणि मग फॉन्ट कितीही बदला, काही होणार नाही. मी तपासायला नेहमी कुऱ्हाड आणि वाऱ्यावर हे दोन शब्द टाइप करतो, त्यातला अर्धा र नीट आला तर पुढचं बोला.

फॉन्ट ठरवून द्यायचा तर सेट-फॉन्टसेट-फॉन्ट, त्याला पहिलं टी, मग देवनागरी, मग फॉन्ट-स्पेकमध्ये फॅमिलीचं नाव. मी मुक्ता वापरतो, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा, फुकट मिळतो आणि तासन्‌तास वाचायला डोळ्यांना त्रास होत नाही. निर्मला यूआय विंडोजवर असतोच, तोही वाईट नाही. इथे एक चूक मी केली होती ती करू नका, फॉन्ट-स्पेकमध्ये साइझ देऊ नका. साइझ दिली की देवनागरी तेवढ्यावर खिळली जाते, मग अक्षरं मोठी केली की रोमन मोठं होतं आणि मराठी तसंच राहतं, शेजारी शेजारी हत्ती आणि शेळी. मराठी जरा मोठं किंवा लहान वाटत असेल तर फेस-फॉन्ट-रिस्केल-ॲलिस्टमध्ये मुक्ता आणि त्याच्यापुढे 0.9 असं प्रमाण द्यायचं, आणि ईमॅक्स बंद करून परत उघडायचं.

याहून मोठी चूक म्हणजे देवनागरी फॉन्टलाच डिफॉल्ट करून टाकणं. मला पण वाटलेलं, म्हटलं निम्मं तर मराठीच लिहितो, मुक्ताच करू ना डिफॉल्ट. मुक्ता मोनोस्पेस नाही. प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. मग ईमॅक्स एका कॉलमची रुंदी म्हणून त्या फॉन्टची सरासरी धरतं आणि त्यावर 80 कॉलम मोजून खिडकी बनवतं. खिडकी भलत्याच रुंदीची, कोडमधलं इंडेंटेशन वाकडंतिकडं, आणि मी डोकं धरून बसलेलो की इम्प्लाइड-रिसाइझ तर बंद केलंय मग आता काय राहिलं. डिफॉल्ट मोनोस्पेसच ठेवा, देवनागरी फॉन्टसेटने जोडा.

आणि ओळींची उंची. वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार, या सगळ्यांना जागा लागते म्हणून देवनागरी फॉन्टची उंची त्याच साइझच्या रोमन फॉन्टपेक्षा जास्त असते, आणि ईमॅक्समध्ये ओळीतल्या सगळ्यात उंच अक्षराएवढी ओळ होते. म्हणजे निव्वळ कोडच्या ओळी बुटक्या, आणि ज्या ओळीत मराठी कमेंट आहे ती उंच. खिडकीचा आकार यात बदलत नाही पण दिसताना ओळी कमी दिसतात, स्क्रोल करताना पान गचके खातं, आणि माणसाला वाटतं खिडकीच लहान झाली. हे शंभर टक्के जात नाही. रिस्केल 0.85 पर्यंत आणलं की बरंच सौम्य होतं, त्याखाली गेलात तर ऱ्हस्व उकार आणि दीर्घ उकारातला फरक कळेनासा होतो, माझ्या डोळ्यांना तरी. मी 0.9 वर थांबलो आणि गचक्यांची सवय करून घेतली.

दोन मॉनिटरवाल्यांसाठी एक छोटी गोष्ट. पॉइंट आणि पिक्सेल एक नाहीत. 12 पॉइंट म्हणजे 96 डीपीआयवर (स्क्रीनच्या एका इंचात 96 ठिपके) 16 पिक्सेल आणि 144 डीपीआयवर 24 पिक्सेल. म्हणजे फाइलीत आकडा तोच, पण स्केलिंग दीडशे टक्के असलेल्या मशीनवर अक्षर दीडपट. एकच इनिट फाइल घरी आणि ऑफिसात वापरत असाल तर हा घोळ होणारच. लिनक्सवर फॉन्टच्या नावापुढे कोलन देऊन पिक्सेलसाइझ बरोबर 20 असं लिहिता येतं, मग डीपीआय काहीही असो, 20 म्हणजे 20. पण मग उच्च रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर ते बारीक दिसणार, ते तुमचं तुम्ही बघा. मी सरळ मशीनचं नाव तपासून दोन वेगळ्या हाइट ठेवल्यात, सिस्टम-नेम नावाचं फंक्शन आहे, दोन ओळींचं काम.

जीव्हिमवाले (व्हिम या दुसऱ्या एडिटरची खिडकीवाली आवृत्ती वापरणारे) हसत असतील तर त्यांना सांगतो, तिकडेही लाइन्स आणि कॉलम्सच मोजतात आणि गुईफॉन्ट, म्हणजे तिथलं फॉन्टचं सेटिंग, बदललं की खिडकी तशीच फुगते. आणि सेशन ऑप्शन्समध्ये रिसाइझ आणि विनपॉस हे शब्द घातलेले असतील तर जुना आकार आणि जुनी जागा परत येते, आमच्या डेस्कटॉप-सेव्हसारखीच.

तर परवाचं माझं नेमकं काय होतं? तळातला ठोकळा, हाइट 150. आणि इम्प्लाइड-रिसाइझची ओळ दीड वर्षापूर्वी घातली होती ती गेली कुठे? तर ती होती, पण मधे मशीन बदललं तेव्हा मी इनिट फाइल उचलून आणली आणि अर्ली-इनिट आणायला विसरलो. दोन वेगळ्या फाइली आहेत हेच डोक्यातून गेलेलं. आता दोन्ही गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, टाकल्यात, कस्टम फाइल पण टाकलीये, म्हणजे पुढच्या वेळी कोणी मागून लिहिलं तर डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक दाखवतात त्यात, तरी सापडेल.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही, ती म्हणजे ऑर्गमधली टेबलं. कॉलममध्ये मराठी आलं की उभ्या रेघा सरळ राहत नाहीत, कारण त्या कॉलमच्या हिशोबाने लावलेल्या असतात आणि जोडाक्षरं त्या हिशोबात बसत नाहीत. व्हीअलाइन नावाचं पॅकेज पिक्सेलने मोजून रेघा सरळ करतं, लहान टेबलाला ठीक आहे, पण माझ्या घरखर्चाच्या टेबलात दीडशेच्या वर ओळी आहेत आणि तिथे ते अडखळायला लागतं. सध्या मी पहिल्या कॉलममध्ये भाजी, पेट्रोल, किराणा न लिहिता रोमनमध्ये बीएच, पीटी, केआर असं लिहितो, आणि महिन्याच्या शेवटी बायको ते बघून विचारते की हे केआर काय आहे आणि त्यावर एवढा खर्च कसा झाला.